पावण्यांचं इंग्लिश

मी मंचरच्या एका हायस्कुलात इंग्लिश शिकवते. वीसेक वर्षं शिकवते आहे आणि मुलांना आता त्याची सवय झाली आहे. ती फारसं मनाला लावून घेत नाहीत. बाजारात मला ‘इंग्लिशच्या मॅडम’ म्हणून ओळखतात. एकदा भाजीवाल्याने माझ्या पिशवीत कोमेजलेली कोथिंबीर टाकली, तेव्हा शेजारची बाई त्याला म्हणाली, "आरं, इंग्लिशच्या मॅडम हायेत त्या." त्याने मुकाट जुडी बदलून दिली. या भाषेचा मला आजवर झालेला सर्वांत रोख फायदा तोच.

माझं माहेर मंचरपासून फार लांब नाही. हायवे सोडून पठारावर चढलं की बटाट्याची वावरं लागतात, त्यातलंच एक गाव. पण तेवढा चढ चढला की माझा विषय माझ्या हातातून निसटतो. वर इंग्लिशचा भाषेशी काही संबंध उरत नाही.

वर इंग्लिश अंडं असतं. पांढरं, ट्रेमधलं. ते गावरान अंड्याहून स्वस्त आणि गुणाला हलकं. बाळंतिणीला कोणी देत नाही. यावरून कोणी इंग्लिश म्हणजे हलकं असं समजेल, तर त्याने लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडवामागे जाऊन यावं. तिथे देशीवाले उकिडवे बसलेले असतात आणि इंग्लिशवाल्यांना खुर्च्या टाकलेल्या असतात. म्हणजे कोंबडीत इंग्लिश खाली आणि बाटलीत वर. मग इंग्लिश औषध, म्हणजे गोळ्या आणि सुई. इंग्लिश मीडियम, म्हणजे पिवळी बस आणि टाय. चिखलातून चपला हातात घेऊन येणारं पोर टायची गाठ मात्र ढिली करत नाही. इंग्लिश भाजी, म्हणजे शेजारच्या पॉलिहाउसमधली, जी अख्खी पुण्याच्या हॉटेलांना जाते. एका हंगामात तिचा भाव पडला आणि शेजाऱ्याने ती आळीत वाटली. आईने काकडीसारखी दिसणारी ती झुकिनी शेंगदाण्याचा कूट आणि काळा मसाला भरून भरल्या वांग्यासारखी केली. कशी झाली म्हणून विचारलं तर म्हणाली, "मसाला चांगला लागत व्हता."

मी एकदा चुलत्यांना विचारलं, की नियम तरी काय? हे चुलते मांडवामागे खुर्चीत बसणाऱ्यांपैकी, म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? बाहेरून आलं ते इंग्लिश. चांगलं का वाईट, ते आपल्याला मागनं कळतं." शाळेत मी आजपर्यंत एकाही शब्दाची इतकी सोपी व्याख्या देऊ शकलेले नाही.

खुद्द इंग्लिशची गरज घरात एवढीच, की फवारणीच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला मी लागते. "मास्तरीणबाई, ह्ये वाच," असं म्हणून दादा, माझा थोरला भाऊ, बाटली पुढे करतो. मी वाचते की हे औषध डोळ्यांत जाऊ देऊ नये. दादा म्हणतो, "ते ठावं हाय, पंपाला किती टाकायचं ते सांग." ते मराठीतही लिहिलेलं असतं, पण त्याला घरात एक इंग्लिशची बाई असल्याचा उपयोग करून घ्यायचा असतो.

आता इंग्लिश संडासाकडे येते.

घराच्या मागे, गोठ्याच्या पलीकडे, आमचा साधा संडास पहिल्यापासून होता. दादाच्या मुलीला पुण्याहून स्थळ सांगून आलं, तेव्हा दादाने ठरवलं की पुढच्या पडवीला लागून इंग्लिश संडास बांधायचा. पाहुणे चिंचवडला फ्लॅटमध्ये राहणारे. त्यांना गोठ्याच्या पलीकडे कसं पाठवणार? कमोड आला, निळ्या माशांच्या टाइल्स आल्या आणि कमोडच्या खोक्यात एक कागद निघाला. तो वाचायला मंचरहून मला बोलावण्यात आलं. माझ्या एम. ए.चा घरच्यांनी केलेला हा सर्वांत गंभीर उपयोग. मी वाचून सांगितलं, की भांडं फरशीच्या पातळीला बसवायचं आहे.

गवंडी हसला. "मॅडम, संडास कंदी जमिनीबराबर असतोय का? पाणी आत येतंय." त्याने आजवर जेवढे संडास बांधले, त्या सगळ्यांत आधी ओटा बांधला होता आणि ओट्यावर भांडं बसवलं होतं. तसा त्याने इथेही कमोडपुरता चौथरा बांधला आणि त्यावर कमोड ठेवला. काम झाल्यावर दादा कपड्यानिशी त्यावर बसून बघायला लागला. दादा चांगला उंचापुरा आहे, तरी त्याच्या टाचा टेकेनात. गावच्या ग्रामदेवतेलासुद्धा इतकं उंच आसन नाही.

"पुण्याची माणसं उंच असत्यात," गवंडी म्हणाला. दादाला ते पटलं. टाइल्स बसल्या होत्या, त्यामुळे पटवून घेणंच सोयीचं होतं.

पाहुणे आले. चहा झाला, पोहे झाले, मुलीला प्रश्न विचारून झाले. मध्ये मध्ये दादा सांगत होता, "आपल्याकडं इंग्लिशची सोय हाय बरं का." कोणालाच गरज पडत नव्हती. शेवटी मुलाच्या आईला यजमानांची दया आली असावी. त्या उठल्या, जाऊन आल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "छान आहे." सोयरीक जमली. दादा अजून ते श्रेय कमोडला देतो. पोरीच्या शिक्षणाचा नंबर त्याच्या खाली.

लग्न झालं आणि इंग्लिश संडासाला कुलूप लागलं. आमच्या भागात चांगली वस्तू ही पाहुण्यांची असते. कपाटातले कप पाहुण्यांचे, चट्ट्यापट्ट्याची नवी चादर पाहुण्यांची, तशीच ही खोली. किल्ली स्वयंपाकघराच्या चौकटीला एका खिळ्यावर. घरची माणसं गोठ्याच्या पलीकडे जायची, पावसात डोक्यावर गोणपाट घेऊन जायची, पण त्या किल्लीला हात लावायची नाहीत. कोणी तशी सक्ती केलेली नव्हती. कोणाच्या मनातच ते येत नव्हतं. मग बंद खोली रिकामी कशाला, म्हणून आत खताच्या गोण्या गेल्या, फवारणीचा पंप गेला. बटाट्याच्या बेण्याचे, म्हणजे बियाण्याचे, कट्टे तर तिथे फारच सुखात राहायचे. गार, अंधार, उंदराला शिरायला जागा नाही. पाहुणे येणार असा फोन आला की वहिनी आधी पदर खोचून कट्टे बाहेर काढायची, फरशी घासायची, आणि मग स्वयंपाकाला लागायची. पाहुणे गेले की कट्टे परत आत.

मी दिवाळीला, जत्रेला माहेरी गेले की वहिनी चहाच्या आधी ती किल्ली माझ्या हातात ठेवायची. "ताई, साफ केलंय." कट्टे पडवीत ओळीने उभे असायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, माहेरी माझा मान आहे. मंचरला कोथिंबीर, पठारावर किल्ली.

पुढे दादाने बेल्ह्याच्या बाजारातून एक गाय आणली. काळीपांढरी, दुधाला जोरदार, अंगाने दारात न मावणारी. तिचं नाव काहीही असो, आई तिला इंग्लिशच म्हणायची. "इंग्लिशला पेंड घातली का?" एका संध्याकाळी धार काढायच्या वेळी या इंग्लिशने नुसतं अंग फिरवलं, आणि मध्ये आई होती. आई गव्हाणीवर पडली आणि तिचा खुबा मोडला.

मंचरलाच ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, "आजी, आता खाली बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं तर अजिबात नाही. इंग्लिश टॉयलेटच वापरायचं, आणि सीट जितकं उंच तितकं चांगलं." काही लोक त्यासाठी कमोडवर बसवायची वेगळी उंच बैठक विकत आणतात, असंही ते म्हणाले. मी आणि दादाने एकमेकांकडे पाहिलं. गवंड्याची चूक डॉक्टरांनी दुरुस्तीशिवाय पास केली होती.

दवाखान्यातून आई माझ्याकडे आली. उन्हाळाभर माझ्या फ्लॅटमध्ये राहिली. फ्लॅटमध्ये इंग्लिशच आहे. पहिल्या दिवशी मी धास्तावले होते, पण तिने एक शब्द काढला नाही. भिंतीला धरून जायची, यायची. "इंग्लिश गायीनं पाडलं, इंग्लिश दवाखान्यानं उचललं, आता ऱ्हायलंय काय?" म्हणून हसायची. फ्लशचं बटन मात्र ती देवळातल्या घंटेसारखं जपून, एकदाच दाबायची.

तिचा जीव सगळा वर अडकला होता. "बटाट्याची लागण जवळ आली. बेणं कापायला मी घरी पायजे."

बेणं कापणं म्हणजे नुसते बटाट्याचे तुकडे करणं नाही. प्रत्येक फोडीला डोळा राहिला पाहिजे. डोळा नसलेली फोड मातीत गेली की कुजते, आणि ते कळेपर्यंत हंगाम गेलेला असतो. रोजाच्या बाया भराभर कापतात. त्यांच्या मध्ये घरची एक जाणती बाई बसावी लागते, फोडी चाळत, ओरडत. आमच्या घरी ती आई होती. तिच्या आधी तिची सासू होती. नवी नवरी असताना आईला नुसते कट्टे उसवायला बसवायचे. मग एका वर्षी सासूने विळा तिच्या पुढ्यात टाकला आणि काही न बोलता उठून गेली, तेव्हापासून ती घरची झाली. असं ती सांगायची. लग्न, मुलं, हे सगळं त्याच्या आधीच होऊन गेलं होतं, पण तिच्या हिशेबात घरची झाली ती तेव्हा.

डॉक्टरांनी जायला परवानगी दिली, पण तीच अट पुन्हा बजावून. मला सुट्टी होती. गाडी केली आणि आईला वर घेऊन गेले.

वहिनीने खोली आरशासारखी केली होती. कट्टे, गोण्या, पंप, सगळं बाहेर. नवा दिवा, नवा साबण. दादाने भिंतीला धरायला पाइप बसवून घेतला होता, आणि आईचे पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली टोमॅटोचा क्रेट पालथा घातला होता. आई पडवीत खुर्चीवर टेकली, वॉकर बाजूला ठेवला, आणि वहिनीने किल्ली आणून तिच्या हातात ठेवली. "आत्या, साफ केलंय."

आईने किल्लीकडे पाहिलं. मग वॉकर घेऊन एक एक पाऊल टाकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि किल्ली खिळ्याला अडकवून आली.

आम्हाला वाटलं, आत्ता गरज नसेल. थोड्या वेळाने ती गोठ्याच्या दिशेने निघाली. वहिनीने आडवं येऊन तिला परत आणलं. मग तिने चहा नको म्हटलं. जेवणात भाकरीचा एक तुकडा मोडला. पाण्याचा तांब्या पुढे केला तर ओठ ओले करून खाली ठेवला. बायकांना हा उपाय कोणी शिकवावा लागत नाही. जायची सोय नसली की प्यायचंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे ओठ सुकलेले होते आणि ती काहीच झालं नसल्यासारखी अंगण बघत बसली होती. मला आधी राग आला आणि मग भीती वाटली. डॉक्टरांनी सांगितलेल्या चार गोष्टींत भरपूर पाणी ही पहिली होती.

दादाचा आवाज चढला. "ह्या मास्तरणीच्या घरी चालतंय ना तुला? मग हितं का न्हाई? तिथला काय सोन्याचा हाय?"

मी शिक्षिकेचा आवाज काढला. खुब्याची वाटी म्हणजे काय, तिच्यात गोळा कसा बसतो, उकिडवं बसल्यावर तो कसा निसटू शकतो, हे सगळं शुद्ध मराठीत समजावलं. माझी दहावीची मुलं ऐकतात तसंच तिनेही ऐकलं. आदराने, आणि दुसरीकडे बघत.

"आई, अगं बोल तरी."

"काय बोलू? ती खोली पावण्यांची हाय."

"असेना का! तुझ्याचसाठी साफ केलीय."

"त्येच तर म्हणते." तिने आता माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या घरी मी पावणी व्हते. पावण्यानं पावण्यावानी ऱ्हावं, मी ऱ्हायले. तक्रार केली का? पण ह्ये माझं घर हाय. ह्या घरात किल्ली कुणाकुणाला देत्यात, सांग की. ह्याचा पुण्याचा साडू आला, त्याला दिली. सोसायटीचा सायेब आला, त्याला दिली. तू येतीस, तुला देत्यात. घरातल्या माणसाच्या हातात कंदी ठिवलीय का कुणी?"

दादाने खिळ्याकडे मान वळवली.

"आज किल्ली घेतली, की उद्या बेणं कापायला बसले तर म्हणतील, आत्या, ऱ्हाऊ द्या, तुमी बसा, च्या घ्या. मग मी कुठं जाऊ?" एवढं बोलताना तिचा आवाज चिरकला. माझ्या आईचा आवाज मी चिरकलेला फार वेळा ऐकलेला नाही.

ती मला काही लावून बोलली नव्हती. साडू आणि साहेब यांच्या ओळीत तिने मलाही सहज मोजलं होतं, जसं आहे तसं. इतकी वर्षं मी ज्याला मान म्हणत होते, ते नेमकं काय होतं, हे मला माझ्या आईने पडवीत बसून, सुकलेल्या ओठांनी सांगितलं. लग्न होऊन मी या घरातून गेले तेव्हा रडले होते, पण गेले आहे हे मला त्या दिवशी कळलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि जायला जागा म्हणजे तीच एक खोली होती.

वहिनी दारात उभी होती. या वहिनीबद्दल मी मनात कायम थोडी अढी धरून होते. तिचं "ताई, बसा", "ताई, घ्या", "ताई, तुमी ऱ्हाऊ द्या" मला नेहमी जरा जास्तच गुळगुळीत वाटायचं. तिने सगळं ऐकलं होतं. तिने हात पदराला पुसले, खिळ्यावरची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि स्वतः आत जाऊन कडी लावली.

आम्ही तिघं बाहेर. कोणाकडे बघावं हे कोणालाच कळेना. दादाने उगाच गायीकडे पाहिलं. बांधल्यापासून त्या खोलीची फरशी जिने घासली, ती बाई तिथे पहिल्यांदा बसली होती, हे आमच्या तिघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं. मग फ्लशचा धबधबा ऐकू आला.

वहिनी बाहेर आली. "लई उंच हाय. पर क्रेटमुळं बरं पडतंय," असं तिने हवेत सांगितलं. मग लोंबकळणारं कुलूप कोयंड्यातून काढून घेतलं, गोठ्याच्या पलीकडे गेली, आणि मागच्या संडासाला ते ठोकून परत आली. किल्ली पुन्हा खिळ्यावर गेली.

"आगं, मागचा बंद केलास?" दादा म्हणाला.

"केला. आजपासनं त्यो पावण्यांचा."

"आन् चिंचवडचं पावणं? ते काय मागं जाणार हायेत?"

"जातील की. त्यांचं गुडघं चांगलं हायेत."

इतक्या वर्षांत मी वहिनीला दादापुढे एवढं लांब वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. मग ती आईकडे वळली. आता तिच्या आवाजात गुळाचा कणही नव्हता.

"आत्या, जायचं आसंल तर आत्ता जावा. मागनं ह्ये हायेत, पोरगं हाय, मग पुन्यांदा मी हाय. बिगीबिगी या. तुमच्यासाठी कुणी ताटकळत बसणार न्हाई."

आईने सुनेकडे नीट पाहिलं. मग वॉकर ओढून घेतला.

"बिगीबिगी म्हणं!" ती उठता उठता म्हणाली. "खुबा माझा मोडलाय, का तुझा? बिगीबिगी जायला मी काय पोर हाय? ह्या घरात म्हातारीला संडासला जायची बी सोय ठिवली न्हाई बघा कुणी." तोंड चालूच ठेवून ती आत गेली. कडी लागली. थोड्या वेळाने आतून हाक आली, "च्या टाका गं. जास्त टाका."

मी मंचरला परत आले, शाळा सुरू झाली. दादा फोनवर वरच्या बातम्या द्यायचा. आठवड्याभरात त्या घरातून ‘इंग्लिश संडास’ हा शब्दच गेला. सगळे नुसतं ‘संडास’ म्हणायला लागले. मागचा, गोठ्याच्या पलीकडचा, जिथे आमच्या दोन पिढ्या गेल्या, तो ‘पावण्यांचा’ झाला. बेण्याचे कट्टेही तिकडे गेले. चुलत्यांच्या व्याख्येप्रमाणे पाहिलं तर आता इंग्लिश तोच. मी हे दादाला फोनवर समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तुला शाळेत काम कमी असतंय का?"

एकदा चिंचवडच्या विहीणबाई येऊन गेल्या. वहिनीने त्यांना किल्ली दिली आणि मागची वाट दाखवली. परत येऊन त्या म्हणाल्या म्हणे, "छान आहे."

लागणीला मी रजा काढली. एसटीने फाट्यापर्यंत आणि तिथून एका टेम्पोत, पुढे बसून. रस्ता पावसाने पार खणून ठेवला होता. निघताना शाळेत दोन कप चहा झाला होता आणि टेम्पोवाल्याला एकही खड्डा चुकवायची इच्छा नव्हती. घर येईपर्यंत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अंगणात ताडपत्रीवर बेण्याचा ढीग होता आणि भोवती रोजाच्या बाया बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध प्लॅस्टिकची एक खुर्ची. खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर विळा ठेवलेला होता, आणि पायाशी बाजूला काढलेल्या बिनडोळ्याच्या फोडींचा एक ढीग. एक बाई मला म्हणाली, "आलात का? बरं झालं. तुमची आई वरडून वरडून जीव काढतीया आमचा." मला फार बरं वाटलं. पण थांबायला वेळ नव्हता.

मी घरात शिरले. सवयीने माझी नजर आधी चौकटीकडे गेली. खिळ्यावर किल्ली होती. वहिनी भाकऱ्या थापत होती. तिने माझी नजर पाहिली, आणि मी तिच्या पिठाने भरलेल्या हातांकडे पाहत राहिले. आता ती उठेल, हात पुसेल, किल्ली काढेल आणि म्हणेल, ताई, साफ केलंय. पुढच्या काही क्षणांत काय होणार याची मला इतकी धास्ती वाटेल असं मला वाटलं नव्हतं. चाळिशी ओलांडलेली बाई, नोकरीची, इंग्लिशची, आणि एका किल्लीला घाबरलेली.

वहिनी उठली नाही. तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "आत आत्या हायेत."

मी पडवीत गेले. संडासाच्या दाराबाहेर भाचा, दादाचा मुलगा, खांद्यावर टॉवेल टाकून भिंतीला टेकला होता. "माझा नंबर आधी हाय, आत्या," तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. मी त्याला ओलांडून दार वाजवलं.

"कोण हाय?" आतून आई.

"मी."

"मी कोण?"

"अगं मी, मंचरची."

आत क्रेट सरकल्याचा आवाज आला.

"मंचरची आसशील तर खिळ्याची किल्ली घे अन् मागं जा. तिथं कुणी न्हाई. घरची आसशील तर थांब."

मला खरोखरच फार घाईची लागली होती. मी भाच्याच्या मागे भिंतीला टेकून थांबले.